सातवा प्रश्न

मगदूम मॅडम, मी तुमच्या विभागात आलो तो धूळ पुसायला.
स्मृती मोजायचा ढोल, आरशात बघून चांदणी काढायची पाटी,
शाईच्या डागांचे दहा पत्ते.
त्यातला तिसरा मला जतच्या स्टँडवर
भांडणाऱ्या दोन बायकांसारखा दिसायचा.
नोंद करा, म्हणालात.
मी परिचर, वर्ग चार. माझी नोंद हजेरीपटापुरती.

मग तुम्हाला कळलं :
मिरजेचा मुजावर, घरात दखनी,
आजोळ अथणीकडचं, शाळा मराठी.
"चला," म्हणालात.
माझ्या मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा, तुमच्या मांडीवर डबा,
सांगली-जत एस.टी.,
दर शनिवारी, सव्वीस वर्षं.

प्रश्न परदेशातून आलेले. सातवा असा :
गेल्या दोन आठवड्यांत आपणास उदास वाटले काय?

संखच्या कल्लव्वाला मी तो कानडीत विचारला.
दोन आठवडे? ती म्हणाली, बाजार दोनदा भरला,
तेवढं ठाऊक.
आणि उदास तर मठातला स्वामी असतो,
त्याला कुठं चूल आहे!
मला जीवक्क ब्यासर.
मी म्हणालो, मॅडम, जिवाला बेजार.
दुसऱ्या दिवशी मिरजेत, सतारीचे भोपळे वाळत घातलेल्या गल्लीत
मेहरूनबी पदरानं घाम पुसत बोलली,
दिल बेजार है रे, और क्या.

तुम्ही भर रस्त्यात थांबलात.
मागून टांगेवाला ओरडला.
छापील "उदास"वर काट मारलीत,
वर लिहिलंत, बेजार.
मग शेंगदाणे घेतलेत, अर्धे मला दिलेत.

त्या एका काटेपायी बढती सहा वर्षं अडली.
समितीतले गृहस्थ म्हणाले, प्रमाणित चाचणीला हात लावता?
हे शास्त्र नव्हे बाई, पारावरच्या गप्पा.
मी चहाचा ट्रे घेऊन दारात होतो.
"सर," तुम्ही विचारलंत,
"पारावर बायकांना बसू देतात का तुमच्याकडे?"
कुणी चहा घेतला नाही. मी परत नेला.

एकदाच मी उपयोगाचा नव्हतो.
विट्याकडची कांताबाई, नवरा गलाईवाला,
चाळीस वर्षं कोईमतूरला दुसऱ्यांचं सोनं गाळून
दोघं गावी परतलेली.
स्वप्नं तिकडच्या बोलीत पडतात, ती म्हणाली,
सकाळी सुनेला सांगायला गेलं की शब्दच नसतात.
तमिळपुढं मी मुका.
"आज भाषांतर नको, मुजावर."
ती तिच्या स्वप्नांच्या बोलीत तासभर बोलली,
तुम्ही ऐकत राहिलात,
मध्ये एकदा दोघी हसलात. कशाला, कुणास ठाऊक.
फॉर्म कोरा राहिला.
चपला घालताना तिनं विचारलं,
येत्या शनिवारी याल?

परतीच्या एस.टी.त मी म्हणालो, यात मोजलं काय?
तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपला होतात,
किंवा तसं दाखवलंत.

पुराच्या साली कृष्णा तळमजल्यात शिरली,
आठ दिवस राहिली.
कपाट उघडलं तेव्हा वास आधी आला.
कल्लव्वा, मेहरूनबी, वडरवाडीतली ती सगळी माणसं
एकमेकांत विरघळलेली,
कानडी कुठली, दखनी कुठली, काही उमगेना.
पानापानावर नुसते निळे डाग.
मी फडका घेऊन उभा.
माझंही घर त्याच पाण्यात होतं,
हे मी कुणाला बोललो नव्हतो.

तुम्ही एक पान उजेडात धरलंत.
जपून, पत्त्यासारखं.
"काय दिसतंय तुम्हाला यात?"

पाणी, मी म्हणालो.
मग बराच वेळ मला पुढं बोलता आलं नाही,
तीनपैकी एकाही भाषेत.

तुम्ही टेबलावरचा चिखल बाजूला सारलात,
पर्समधून वाणसामानाची चिठ्ठी काढलीत, उलटी केलीत.
नाव : बंदेनवाज मुजावर. वय : सत्तावन्न.
भाषा :
तिथं चिठ्ठीची कड आली.
तुम्ही कागद फिरवून
उभं लिहू लागलात.