आवश्यक, इष्ट

जाहिरात चार ओळींची,
टेम्पो विकणे आहे आणि दुःखद निधन यांच्या मधोमध.
रसायनशास्त्र, एक जागा, कायम.
कोंकणी आवश्यक. मराठी इष्ट.
मी एकटीच हसले.
रात्री वहीत लिहिते ते सगळं
त्या शेवटच्या शब्दात जाऊन बसलं.

नऊ वर्षांतला सातवा अर्ज.
फाइल आता आपणहून उघडते:
पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला.
जन्म शिरोड्यातला, शाळा शिरोड्यातली,
तरी दाखला दर वेळी ताजा लागतो, बांगड्यासारखा.
सेटचं प्रमाणपत्र, लॅमिनेट केलेलं
(करायचं नसतं, हे नंतर कळलं).
अनुभवाची पत्रं अकरा, सगळ्यांवर एकच शब्द:
तासिका तत्त्वावर.
जून ते मार्च.
रकाना चौदा, सेवेतील खंड, कारणांसह.
मी लिहिलं, उन्हाळा.
मग खोडून, लागू नाही.

कुडचड्याला बस बदलली.
सांग्याच्या बसचा कंडक्टर
पातळ भाजीत पाव बुडवत राहिला, शांतपणे,
आणि मावशीची कडक साडी
माझ्यापेक्षा जास्त ताठ बसून होती.

कॉलेज दोन मजली. मागे काजूची झाडं.
प्रयोगशाळेचं दार उघडं,
आत गेले नाही, नुसता वास घेतला:
अमोनिया, ओलं लाकूड, कुणाच्या तरी डब्यातलं हुमण.
ब्युरेटी धुऊन उलट्या लावलेल्या,
तोट्यांना व्हॅसलीन हवं तेवढंच.
इथे काम कळणारं कुणीतरी आहे, म्हटलं.
तोच पुढे आला. कायतान. पँटला आम्लाची भोकं.
"टीचर, उदक जाय?"
बीकरमधून नाही, पेल्यातून दिलं.

बाकावर पाच जण.
शेवटची ताडकन उठून उभी राहिली.
दर्पणा वेळीप. बी.एस्सी. दुसरं वर्ष, डावखुरी.
हिला मी सांगितलं होतं,
डोळा द्रवाच्या पातळीला आण, बाय,
वरून बघशील तर कमी दिसेल, खालून बघशील तर जास्त.
आता डॉक्टर. हातात कोरी फाइल.
"मॅडम! तुमी हांगा?"
आणि मग, अगदी मनापासून,
"एक्स्टर्नल म्हूण आयल्यात?"

मी तोंड उघडलं
आणि शिपायानं माझं नाव पुकारलं,
पुढे कुमारी लावून.

चार खुर्च्या, एक फळा, दहा मिनिटं.
मी अंतिम बिंदू घेतला.
फिनॉल्फ्थॅलीन, म्हटलं, बराच वेळ काही बोलत नाही.
थेंब पडतो तिथे गुलाबी उमटतं,
फ्लास्क हलवला की जातं.
पुन्हा उमटतं, जायला थोडा वेळ घेतं.
मुलं नेमकी इथे घाबरतात, तोटी सोडून देतात,
मग गडद गुलाबी. देखणं. चूक.
बरोबर उत्तर इतकं फिकं असतं
की खाली पांढरा कागद ठेवावा लागतो.

एकानं फोन उताणा केला.
बाईंनी विचारलं, कोंकणी येता मगे?
येता, म्हटलं.
मराठीचं कुणी विचारलं नाही.

बाहेर दर्पणा ओठ चावत उभी.
"कितें विचारतात, मॅडम?"
मी सांगितलं. सगळं.
फोनवाल्या सरांना उदाहरण लागतं, हेसुद्धा,
आणि फळ्याचा उजवा कोपरा तेलकट आहे,
खडू उठत नाही, तू तर डावखुरी,
डावीकडूनच सुरू कर.
ती मान हलवत होती, तशीच, दुसऱ्या बाकावरची.

परतीच्या बसमध्ये नोट पुढे केली,
तिला खडू लागलेला.
कंडक्टरनं ती शर्टाला पुसली.
"टीचर मगे तुमी?"

एक कुडचडें, म्हटलं.