दीड वेटोळं

कुपवाडच्या एमआयडीसीत, बंद सूतगिरणीच्या मागं
माझं शेड. वर पत्रा, आत एक कॉम्प्रेसर
आणि दस्तगीर,
जो ठोकताना बोलत नाही, बोलताना ठोकत नाही.

गावभागातून सन्मती चौगुले आला
वडलांची एस्टीम घेऊन.
पांढरी. म्हणजे अठ्ठ्याण्णव साली पांढरी.
म्हणाला, खाली बसवा.
किती?
त्यानं चाक आणि फेंडरच्या मधल्या फटीत
चार बोटं घातली,
मग दोन मिटली.

मी या गावात काही वर्षं
सगळं वर जातानाच बघतोय.
जोती वर, मीटरच्या पेट्या वर,
वाण्याची साखर माळ्यावर,
देव्हाऱ्याखाली दोन विटा.
पावसाळ्यात इथं तब्येत विचारत नाहीत,
आयर्विनला किती फूट, विचारतात.
आणि हा पोरगा
दोन बोटं खाली मागतो.

चेंबर फुटेल, म्हटलं. पावलोपावली स्पीडब्रेकर,
उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या.
म्हणाला, असू देत.

स्प्रिंग उतरवली, व्हाइसमध्ये आवळली.
नवशिके गॅसनं कापतात.
गॅसनं कापलं की लोखंडाचं पाणी उतरतं,
मग ती स्प्रिंग नसते,
नुसती वळवलेली सळई.
दस्तगीरनं ग्राइंडर धरला,
थांबत थांबत, ओलं फडकं लावत.
दीड वेटोळं तुटून फरशीवर पडलं
आणि एकदा उडालं,
अजून कुणी अंगावर बसणार आहे असं समजून.

मग फेंडरची कड.
टायरच्या वर जुन्या बॅटचा दांडा कोंबला,
दोघांनी गाडी पुढं ढकलली, मागं ओढली,
पत्रा कुरकुरत आत वळला.
मिरजेच्या भंगारातून बलेनोचा बंपर आणलेला,
खालचा ओठ पुढं काढून रुसलेला;
तो बसेना. कापला, जोडला, लांबी भरली,
वॉटर पेपरनं घासता घासता
माझ्या बोटांचे ठसे गेले.

चौथ्या दिवशी दाराची ट्रिम काढली,
आत गाळ.
वाळलेला, चहापुडीसारखा बारीक,
आणि पत्र्यावर एक आडवी रेघ
काचेच्या यंत्राच्याही वर.
मी ब्रश तसाच धरून ठेवला.
सन्मती मागं उभा होता.
म्हणाला, अण्णांनी तेव्हा चढवली होती विटांवर.
चारी चाकं. रात्री दोनला, एकट्यानं.
उंच ठेवून तरी कुठं वाचली?

दस्तगीर थांबला. वाटलं, बोलेल.
त्यानं हातोडी बदलली.

रंगाचं कार्ड पुढं केलं.
सगळे पिवळे बघून झाले, नको म्हणाला.
खिशातनं ओलं हळकुंड काढलं, मोडलं.
हा. आतला.
तीनदा मिसळला. तिसऱ्यांदाही
थोडा तांबूसच राहिला,
पण त्याला चालला, मग मलाही.

नेली त्या दिवशी गेटबाहेरच्या स्पीडब्रेकरवर
गाडी तिरकी घातली त्यानं,
आधी एक चाक, मग दुसरं,
वासरू ओढ्यात पाय टाकतं तशी.
तरी पोट घासलंच. एकदा.
माझे दात आंबले.
खिडकीतनं त्याचा हात बाहेर आला,
दोन बोटं वर.

तुकडे तो घेऊन गेला नाही.
एक माझ्या टेबलावर आहे, बिलं उडू नयेत म्हणून.
काम नसलं की अंगठ्यानं दाबून बघतो.
दबत नाही.
पाणी आहे अजून त्यात.

विकून टाका, दस्तगीर म्हणतो,
भंगाराला सध्या भाव आहे.
ठोकायचं थांबवून म्हणतो.