पाट

पहाटे साडेतीनला स्ट्रॉइसबायचे दिवे मागे पडले.
तेव्हापासून नांगराच्या तासासारखे
जातोय, वळतोय, येतोय.
जहाजाच्या पोटातून आवाज खाली जातो,
तळाला लागून परततो
आणि पडद्यावर एकेक पट्टी रंगत जाते:
उथळ ते तांबडं, खोल ते निळं.

एकशेवीस मीटरवर अचानक काठ.
काठच; दुसरा शब्द नाही.
दगड झालेली वाळू, लाटांनी कोरलेली कड.
इथे शेवटची लाट फुटून
वीस हजार वर्षं झाली.

नोलुव्हुयो कॅमेरा सोडते,
त्याच्यापुढे जाळीत चेचलेल्या तारल्या.
नियम असा, की मासे धरायचे
एका चौकटीत एका वेळी दिसतील तेवढेच.
गेला आणि परत आला
तो दुसरा म्हणून मोजायचा नाही.
कडेशी रोमन चार, लालभडक. कॉब अकरा.
पलीकडे चिखल, चिखलात सोल,
दोन डोळे तेवढे वर.
मी रकाने भरते: खडक, वाळू, गाळ, शिंपल्यांचा चुरा.

ओम अपूल्स मार्थिनस सत्त्याहत्तरचे.
खिशातून शिशाचं वजन काढतात,
त्याच्या बुडाला खळगा.
आजोबा त्यात मेंढीची चरबी भरायचे,
दोरी सोडायचे, ओढायचे,
चरबीला काय चिकटलं ते बघायचे
आणि मग जिभेवर घ्यायचे.
"गाळ गुळचट लागला की सोल. शिंपला टोचला की कॉब."
नोलुव्हुयो कागद पुढे करते:
"कुठं कुठं चाखलं त्यांनी, ते काढा."

ते एकच रेघ काढतात, वाकडी,
ब्रीड नदीच्या मुखापासून दक्षिणेला.
म्हणतात, पाट.
त्यांच्या भाषेत पाट म्हणजे वाट.
कॉब पाटानं येतात, आजोबा म्हणायचे.
असं का, ते कोणी विचारलं नव्हतं.

दुपारी सगळ्या पट्ट्या जोडल्या.
रेघ तिथेच होती.
जमिनीवर नदी संपते तिथून पुढे
अर्धा बुजलेला रुंद खोलगट पट्टा,
दोन वळणं घेऊन त्या जुन्या काठाला मिळणारा.
माझ्या भाषेत पाणी वाहतं त्या जागेला काय म्हणतात
ते मी सांगितलं.
ओम अपूल्सनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.
मग काचेवर नख टेकवून म्हणाले,
"माझा भाऊ इथं गेला. त्र्याऐंशी साल.
सहा जण होते. होडीची फळीसुद्धा नाही."

नोलुव्हुयोनं तो चौकोन मोठा केला.
वाळू.
अजून मोठा केला.
वाळूवरच्या लाटांच्या रेघा.
बराच वेळ कोणी पुढचं तास धरलं नाही.

यादीत नसलेल्या त्या जागी
आम्ही कॅमेरा सोडला.
तासाभरानं वर घेतला:
कॉब, एका चौकटीत सतरा,
सगळ्यांची तोंडं नदीकडे.

ओम अपूल्सनी अठरा मोजले.
एक जाऊन परत आला होता.

मी सतरा लिहिले.