ऐजन

परभणीच्या तहसिलात, रेकॉर्ड रूमच्या ट्यूबलाइटखाली
मी जुनी उर्दू दफ्तरं मराठीत उतरवतो.
पानाला साठ रुपये.

सन १३२७ फसली. जहागिरीचा खर्च.
घोडा अबलख : हरभरा चार शेर, तूप पाव शेर.
घोडा मुश्की : ऐजन.
बेगमेच्या पोपटाला बदाम अकरा.
विहिरीवर वेठीला माणसं सदतीस, मजुरी निरंक.
दुसरा दिवस : ऐजन.
तिसरा : ऐजन.

लिहिणाऱ्याचा हात सुरेख.
एवढं वळणदार ‘ऐजन’ कंटाळून लिहिता येत नाही.
एकाच जागी शाई फुटलीय :
सटवा वल्द धोंडी, मयत.
सदतीस खोडून छत्तीस.
घोड्यांच्या रतिबात फरक नाही.

संध्याकाळी वसमत रोडनं घरी निघतो
तर नव्या बंगल्याचं लॉन टँकरनं भिजवत असतो
आमच्या गल्लीतला नागनाथ.
गल्लीत नळ नवव्या दिवशी.
“देतात का रे वेळेवर?”
“देत्यात की. जहागिरी थोडीच राह्यलीय आता.”
खिशात त्याचा फोन टुणकन वाजतो, पैसे पडल्याचा.
निरंक नाही.
हे लहान नाही, मी ते कमी लेखत नाही,
सटवाला ऐकवायला हवा होता तो आवाज.

आत दोन कुत्री, बाहेरदेशची. एसीत.
“त्या काळ्याचं खाणं म्हैन्याला अकरा हजार, काका.”
“आन पांढऱ्याचं?”

नागनाथ पाइप दुसऱ्या हातात घेतो.
“तेवढंच.”

त्यासाठी एक शब्द आहे.
मी त्याला सांगत नाही.