चाळणीवर राहिलेलं

पाचपावलीतले आम्ही, मागावरची माणसं.
माग विकला त्या वर्षी
बाबा तारेच्या चाळण्या करू लागले.
गव्हाची, रव्याची, मैद्याची.
जाळी उजेडाकडे धरून
इंचाला भोकं किती, सांगायचे.
चुकायचे नाहीत.

मी कृषी महाविद्यालयात गेले
ती मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून.
खोटं कशाला बोलू.
दोन वर्षं महाराजबागेतला मोर ओरडायचा
आणि मी कीटकनाशकांची नावं पाठ करायचे,
विसरायचे.

तिसऱ्या वर्षी, एप्रिलात,
कूलरमध्ये पाणी नव्हतं त्या दुपारी
उईके सरांनी टेबलावर ठेवलं
वांग्याचं उपटलेलं रोप.
मुळांना गाठीच गाठी,
जणू कुणी रागानं माळ ओवली होती.
"फोड," म्हणाले.
सुईनं फोडली. भिंगाखाली
खसखशीहून बारीक, दुधाळ, मानेकडे निमुळती
एक मादी,
शेपटाशी अंड्यांची चिकट पिशवी.
तीनशे मोजली, मग जेवणाची सुट्टी झाली.
तिनं एकदा तोंड रोवलेलं
आणि जन्मभर तिथंच.
का कोण जाणे,
मला तिचा राग आला नाही.

सूत्रकृमी.
वहीत लिहिताना
'सूत' वर हात थांबला.

आता काटोलकडच्या संत्र्याच्या बागा.
झाडाच्या घेराखाली, वीतभर खोल,
पिशवीत माती, मातीत चिठ्ठी.
बादलीत ढवळायची, दहा सेकंद थांबायचं, ओतायची.
ही काळी माती नखांतून निघत नाही.
लग्नात मेहंदीच्या टोकाला
दहा काळ्या चंद्रकोरी होत्या माझ्या.

"औषध कोणतं मारू, मॅडम?"
"आधी मोजू द्या."
नाराज होतात.
वाठच्या बागेचा अहवाल मी पाठवला तोवर
त्यांनी निम्मी झाडं काढून तूर पेरली होती.
तो कागद अजून माझ्या खणात आहे.

बाबा एकदाच आले प्रयोगशाळेत.
चपला बाहेर काढून.
मी नको म्हटलं तरी.
खिशातून धागे मोजायची जुनी काच काढली,
माझी सगळ्यांत बारीक चाळणी
खिडकीशी धरली, कितीतरी वेळ.
"सव्वातीनशे."
बरोबर होतं.

मी गढूळ पाणी ओतलं.
माती जाळीतून मोरीत गेली.
"अन् ठेवतं काय मंग?"
"वर राहिलं ते."
"कोंडा?"
"कोंडाच."

सूक्ष्मदर्शकावर वाकले.
पाण्यात जिवंत धागे,
वळत, अडकत, सुटत.
"ना ताणा ना बाणा," ते पुटपुटले,
"काऊन इतकी घाई यायले?"
मग डोळा न काढता,
"मारतं काय तू यायले?"
"आधी मोजते."
"मंग नीट मोज."

जाताना चाळणीच्या काठावरून
त्यांनी अंगठा फिरवला,
एक तार जरा सैल होती तिथं
थांबले.