सर्वानुमते

आधी माझं सांगतो, मग खोटं बोलायला जागा उरत नाही:
मोहखेडा नगर पंचायतीत मी अठरा वर्षं बाबू.
सभेचं इतिवृत्त माझ्या हातचं,
अक्षर बरं म्हणून गळ्यात पडलेलं.

बेबीनंदा गेडाम, वॉर्ड नंबर नऊ.
पहिल्या सभेला आल्या तेव्हा पायात स्लिपर
आणि पिशवीत रिकामी बाटली.
ती त्यांनी टेबलावर आडवी ठेवली,
घरंगळू नये म्हणून खाली रुमाल,
म्हणाल्या, "माहा पक्ष हा."
कोणीतरी हसलं. मीच असेन.

उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या,
आडवी म्हणजे बंद करा.
अकरा वर्षांपूर्वी मतपत्रिकेवर दोनच चित्रं होती
आणि ही बाई निंदणाच्या धुऱ्यावर, हापशीवर,
मयतीच्या घरीसुद्धा
हात आडवा करून दाखवत फिरली:
अशी. निजल्यासारखी.
नऊशे चौदा बायकांनी तिला निजवली.
त्या रात्री हिच्या दारात कोणी काचा फोडून गेलं.
सकाळी हिनं त्या झाडल्या
आणि भंगारवाल्याला विकल्या,
साडेचार रुपये.

आता मतांचं.
कमानीला अकरा लाख: विरोधात.
वॉर्ड सातची नाली, जिथं त्यांचं एक मत नाही: बाजूने.
अध्यक्षांच्या अभिनंदनाचा ठराव: हात मांडीवर.
कोंडवाड्याचा ठेका पुन्हा त्याच माणसाला:
विरोधात, एकट्या,
पंख्याचा आवाज ऐकू येईल इतक्या एकट्या.

पण हे वहीत शोधाल तर पहिलं दीड वर्ष सापडणार नाही.
वहीत मी एकच शब्द लिहीत आलो,
माझ्या आधीचा लिहायचा, त्याच्या आधीचाही,
ठरावाखाली, सवयीनं, देवाचं नाव लिहावं तसा.
मग एका सोमवारी त्या नातीला घेऊन आल्या.
नात आठवीत. तिनं बोट ठेवून वाचलं.
"बाबू, सर्वानुमते म्हंजे किती हात?"
सगळे, मी म्हटलं.
"मंग माहा कोन्ता मोजला? डावा का उजवा?"

त्या दिवसापासून मी नावं लिहू लागलो.
अध्यक्षांनी महिनाभर माझ्याकडे पाहिलं नाही.
वही जाड झाली.

म्हणूनच ठराव त्रेसष्टही तिथं आहे.
ई-क्लासवरच्या अकरा झोपड्या हटवून बसस्थानक.
त्याच झोपड्यांतून त्या मतदानाला
बायका अंधारातच निघाल्या होत्या, लेकरं काखेत.
पलीकडे प्लॉट देतो म्हणून सांगितलं होतं.
नकाशाही दाखवला, रंगीत.
गेडाम, बेबीनंदा: बाजूने.
मीच लिहिलं. शाई नवी होती, लवकर वाळली.

प्लॉट आले नाहीत.
बसस्थानकाला पत्रे आले, बस नाही आली.
एका दुपारी, माझा डबा उघडा असताना,
त्या दारात उभ्या राहिल्या.
"ते नाव खोडता येते का?"
येत होतं. एक रेघ. कोणी पाहिलंही नसतं.
नाही येत, मी म्हटलं.
त्या थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या.
"बरं झालं," म्हणाल्या. "इचारून पाह्यलं."
भेंडीची भाजी होती. खाल्ली नाही मी.

मुदत संपली. आता प्रशासक आहे,
सभा नाही, हात नाहीत, सही एकच.
गेल्या आठवड्यात एक अर्ज आला, माहितीच्या अधिकारात,
दहा रुपयांचं तिकीट नीट चिकटवलेलं:
ठराव क्रमांक त्रेसष्ट, मतदानाचं पान, शिक्क्यासह.
अर्जदार, बेबीनंदा गेडाम.

माहिती कशासाठी हवी, हे विचारायचा आम्हाला हक्क नाही.
तरी खाली, नातीच्या अक्षरात, एक ओळ होती:
कालव्याकाठी जे राहायला गेले
त्यांना दाखवायला.