वेगळे विकू नये

आठ जूनला परभणीहून टेम्पो आला, त्यात या वह्या.
शंभर पानी, बिनरेघांच्या,
आणि एकेकीच्या छातीवर एकेक निळा पेन
पुठ्ठ्याच्या पट्टीत दोन चिरा पाडून खोचलेला.
वरून प्लास्टिक इतकं तंग
की नखाला कुठून शिरावं कळू नये.
पट्टीवर लाल चांदणी, चांदणीत 'पेन मोफत'.
खाली मुंगीएवढं: वेगळे विकू नये.

मुंगीएवढं मी वाचतो, मला वाचावंच लागतं.
गिऱ्हाईक चांदणी वाचतं.

सेलूच्या स्टेशन रोडवर दुपारी दीडला
कुत्रंसुद्धा पत्र्याच्या सावलीबाहेर पाय काढत नाही,
तेव्हा धुराजी मामा आले, टोपीनं मान पुसत.
"एक पेन दे बरं. बँकेत सही करायचीय.
तिथं नुसती दोरी लोंबायलीय,
पेन गेला कोणाच्या तरी खिशात."

सुट्या पेनांचं खोकं सकाळीच रिकामं झालेलं.
म्हणालो, वहीसकट आहे. पस्तीस.
"वही काय करू? शेरडाला घालू?"

तेवढ्यात तहसीन आली, मागच्या गल्लीतली,
लग्नसराईत निम्म्या गावाचे हात रंगवणारी.
तिला वही हवी होती, मेंदीच्या नक्षीसाठी, कोरी.
"पेन काढून घ्या भैया, माझी शिसपेन्सिल आहे.
पाच रुपये कमी करा."

"पेन मोफत आहे गं. मोफतातून कमी काय करू?"

मोफत म्हटल्यावर मामांची मान वळली.
"मग मला दे की तसाच. लिवलंय म्हणतोस ना."
"लिवलंय मामा," तहसीन म्हणाली,
"पण माझ्या वहीवर लिवलंय."
"तू तर नको म्हणालीस!"
"नको म्हणाले. देते कुठं म्हणाले?"

मग आम्ही तिघं बराच वेळ
त्या चांदणीकडे बघत राहिलो.
पस्तीस रुपयांत हा पेन नेमका कुठं बसलाय?
पुठ्ठ्यात, प्लास्टिकात, का टेम्पोच्या भाड्यात?
कंपनीत कुणीतरी गार खोलीत बसून
याचं उत्तर काढलं असेल.
माझ्याकडे पंखा आहे, तोही लाईट असली तर.

शेवटी ब्लेड घेतलं.
प्लास्टिक चर्रर्र करत अंग सोडून बाजूला झालं.
तहसीननं तीस मोजले.
मामांनी कोपरीतून चार काढले
आणि काउंटरवर मधोमध ठेवले,
ना माझ्याकडे, ना तिच्याकडे.
"एक मांडून ठेव."

मी खातेवही ओढली.
तिच्या कण्याला सुतळी, सुतळीला पेन;
मोठी लाईन झाली त्या साली दादांनी बांधलेला.
रिफिलं किती बदलली, पेनही बदलले,
सुतळी तीच, हाताच्या मळानं काळी.
लिहिलं: धुराजी – १.

मामा बघत होते.
"तुझाबी बांधलेलाच की रे."
"हा मोफत नाही मामा."
"मग कामून बांधलास?"
मी काही बोललो नाही. ते बँकेकडे निघाले,
पेन टोपीच्या घडीत खोचून,
बँक अडीचला जेवायला उठते म्हणत.

तहसीन मात्र तिथंच उभी.
वहीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत होती.
पेन दाबून बसला होता तिथं खाच पडलेली,
लांब, सरळ, टोकाशी जरा खोल.
तिनं पुठ्ठा उलटला. पहिल्या पानावर खाच.
दुसऱ्यावर. तिसऱ्यावर अंधुक.
उजेडाला तिरकी धरली की पाचव्यावरही.

"हे आधीच कुणीतरी काढून ठेवलंय," म्हणाली.
"दोन रुपये तरी परत द्या."

दिले.

रात्री शटर ओढताना पट्टी सापडली,
दोन चिरांची, चांदणीची,
मधे पेनाएवढा फुगवटा तसाच धरून.
टाकायला गेलो
आणि खूण म्हणून खातेवहीत घातली,
धुराजींच्या पानावर.

तो रुपया अजून यायचाय.